उमिस्ता संग्रहालय, अलर्ट बे: जप्तीचं प्रकरण वाचूनच आत शिरा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कॉर्मोरंट बेटावर अलर्ट बे हे गाव आहे. तिथलं हे केंद्र १९८० साली सुरू झालं आणि तिथले मूळ रहिवासी असलेले क्वाक्वाकावाक्व लोकच ते चालवतात. मुख्य दालनातले मुखवटे, खुळखुळे आणि ढालीच्या आकाराचे तांब्याचे पत्रे बहुतेक सरकारने जप्त केलेल्या आणि पुढे परत मिळालेल्या मालातले आहेत. जप्तीची हकीकत ठाऊक नसेल, तर नुसती लाकडी कारागिरी बघून परत याल.

पॉटलॅच हा या लोकांचा समारंभ. त्यात लग्न, नामकरण, वारसा अशा निमित्ताने यजमान नाच-जेवण घालून भेटी वाटतो. भेट घेणारा त्या लग्नाचा, नावाचा किंवा वारसाहक्काचा साक्षीदार होतो. १८८४ मध्ये कॅनडा सरकारने इंडियन ॲक्ट (मूळ रहिवाशांविषयीचा कायदा) दुरुस्त करून यावर बंदी घातली. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. खटले टिकेनात, म्हणून १९१८ मध्ये ते थेट इंडियन एजंटपुढेच (मूळ रहिवाशांवर नेमलेला सरकारी अधिकारी) चालवायची सोय केली. डिसेंबर १९२१ मध्ये डॅन क्रॅन्मर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला आणि एजंट हॅलिडेने ४५ जणांवर खटले भरले. आरोप काय, तर भाषण केलं, नाचले, भेटी उचलून दिल्या! गावाने सगळं साहित्य सोपवलं तर शिक्षा स्थगित, असा सौदा होता. तरी वीसेक जण तुरुंगात गेले. माल ओटावा-टोरंटोला गेला. काही नग हॅलिडेने न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांना विकले. १९५१ च्या नव्या इंडियन ॲक्टमध्ये हे कलम गुपचूप गळालं.

मांडणी अव्वल. मुखवटे काचेआड नाहीत आणि समारंभात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मांडलेत. भिंतीवर तेव्हाच्या सरकारी पत्रांतले उतारे आणि ज्येष्ठांच्या आठवणी आहेत. मात्र कुठला मुखवटा कोणाचा, हे प्रत्येकाखाली लिहिलेलं नाही. नवख्याने वाटाड्या घ्यावाच. फोटो विचारूनच काढा.

व्हँकूवरहून एका दिवसात जाऊन येणं होत नाही. हॉर्सशू बेहून नानायमोची फेरीबोट पावणेदोन तास, पुढे महामार्ग १९ ने पोर्ट मॅकनीलपर्यंत चारेक तास, मग पुन्हा ४५ मिनिटांची फेरीबोट. काही बोटी सोइंटुला या दुसऱ्या गावाला जातात, पाटी बघून चढा. उतरल्यावर डावीकडे किनाऱ्याने चालत जा. उजवीकडे दफनभूमी आहे. तिथले टोटेम खांब रस्त्यावरूनच बघायचे. हिवाळ्यात वेळा कमी असतात, आधी फोन करा.