दोन अँटेनावाला यूएसबी वायफाय अडॅप्टर, काही महिने वापरल्यानंतर: वस्तू चांगली आहे, पण बॉक्समधे केबल का नाही?

स्पेक्स सगळ्यांना माहितीच असतील, १३०० क्लासचा ड्युअल बँड अडॅप्टर, म्हणजे वायफायच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, ५ गिगाहर्ट्झवर ८६७ आणि २.४ वर ४०० एमबीपीएस असं बॉक्सवर लिहिलेलं असतं, दोन लांब अँटेना, यूएसबी ३. हे आकडे घरात कोणालाच मिळत नाहीत आणि मला नकोही आहेत, माझा प्लॅनच १०० एमबीपीएसचा आहे. मला फक्त लाईन तुटायला नको. मी घरून अकाउंट्सचं काम करते, टॅली ऑफिसच्या सर्व्हरवर, म्हणजे दिवसभर रिमोट डेस्कटॉप चालू. पीसी असेंबल केलेला, बोर्डात वायफाय नाही. डोंबिवलीत भाड्याचा फ्लॅट, मालक भिंतीला एक भोक पाडू देत नाहीत, राउटर हॉलमधे दाराजवळ आणि पीसी आतल्या खोलीत, मधे दोन भिंती. म्हणून हा अडॅप्टर.

सुरुवातीला मस्त चालला. तेव्हा लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते.

मग संध्याकाळी रिमोट अडकायला लागला. दिवसभर ठीक आणि नेमकं सहा-साडेसहानंतर स्क्रीन गोठायची, माऊस ओढला की एक क्षण तिथेच आणि मग एकदम उडी. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख असते, त्याच्या आदल्या संध्याकाळी एंट्र्या करताना हे झालं की काय होतं ते हे काम करणाऱ्यालाच कळेल. आणि खाली वायफायच्या दांड्या फुल! हीच गोष्ट सगळ्यात जास्त फसवते.

विकणाऱ्याच्या कस्टमर केअरला फोन केला तर "मॅडम, राउटरचा प्रॉब्लेम आहे". नेटवाल्यांना केला तर "मॅडम, तुमच्या पीसीचा प्रॉब्लेम आहे". त्यांचा माणूस आला, राउटरच्या शेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट केली, ९० च्या वर दाखवली आणि गेला. मी म्हणाले दादा आतल्या खोलीत येऊन पीसीवर बघा ना, तर म्हणे ते आमच्यात येत नाही. रिटर्नची मुदत संपलेली. वॉरंटी आहे, पण वस्तू सर्व्हिस सेंटरला माझ्या खर्चाने कुरिअर करायची आणि ते तपासून सांगणार, तोवर मी काम कशावर करायचं ते कोणी सांगत नाही.

कोणाशीही भांडायच्या आधी एक टेस्ट नक्की करा, फुकट आहे. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा, एकीत तुमच्या राउटरला सतत पिंग लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा (माझ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, ping १९२.१६८.१.१ च्या पुढे हायफन टी लावला की थांबत नाही) आणि दुसरीत ८.८.८.८ ला, तो गूगलचा बाहेरचा सर्व्हर. राउटरचा पिंग नीट आणि बाहेरचा बिघडलेला असेल तर नेटवाल्यांना धरा. माझ्याकडे राउटरचाच पिंग २-३ मिलिसेकंदांवरून शेकड्यात जात होता आणि मधेमधे रिक्वेस्ट टाइम्ड आउट (उत्तरच नाही), म्हणजे जे काय होतंय ते हॉल आणि आतली खोली यांच्यामधेच.

मग नेहमीचे उपाय केले. डिव्हाइस मॅनेजरमधे अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, पॉवर वाचवायला डिव्हाइस बंद करू दे अशा अर्थाची टिक काढली, पॉवर ऑप्शन्समधे यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं. याचा फायदा झाला हे खरं, आधी पीसी स्लीपमधून उठला की कधीकधी अडॅप्टर गायबच व्हायचा, ते थांबलं. २.४ चा चॅनेल ऑटोवरून काढून ११ वर ठेवला, कारण बिल्डिंगमधले बहुतेक राउटर १ आणि ६ वर होते. थोडा फरक पडला. पण संध्याकाळचं दुखणं तसंच.

उत्तर माऊसने दिलं. माझा माऊस वायरलेस आहे, छोटा डोंगल असलेला, तोही २.४ वरच चालतो. एका संध्याकाळी बघते तर रिमोट बंद केल्यावर पण माऊस साध्या डेस्कटॉपवर अडकतोय! म्हणजे इंटरनेटचा संबंधच नाही. आणि त्या वेळी चालू काय होतं, तर रोजचा बॅकअप, एक्सटर्नल हार्ड डिस्कवर, जी मागे अडॅप्टरच्या बाजूच्याच यूएसबी ३ पोर्टात लावते. बॅकअप थांबवून डिस्क काढली, पिंग परत २-३ वर. लावून कॉपी सुरू केली, पिंग गेला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दरवेळी तेच.

हे काही गुपित नाहीये. यूएसबी ३ च्या वायरीतून ५ गिगाबिटने डेटा धावतो तेव्हा जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमधेही येतो, म्हणजे बरोबर वायफायच्या डोक्यावर. इंटेलने एप्रिल २०१२ मधे यावर अख्खा पेपर काढलाय, त्यात यूएसबी ३ हार्ड डिस्क लावल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डीबीने (डेसिबलने) वाढलेला दाखवलाय, २० डीबी म्हणजे शंभर पट. मंगल कार्यालयात बँड वाजत असताना शेजारचा माणूस कानाशी बोलतोय तसं होतं, तो बोलतोय त्याच आवाजात पण शब्द कळत नाही. दांड्या फुल दिसतात त्या यामुळेच, त्या फक्त सिग्नल सांगतात, गोंगाट सांगत नाहीत.

आणि उपाय काय, तर अंतर. दीडशे रुपयांची यूएसबी एक्स्टेन्शन केबल! अडॅप्टर कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर वर ठेवला, झालं. शिवाय मागे असताना अँटेना पत्र्याचं कॅबिनेट आणि भिंत यांच्या बेचक्यात असायच्या, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झ ४० टक्क्यांवर यायचं आणि विंडोज आपणहून २.४ वर उतरायचं. आता वर ठेवल्यावर ५ चा सिग्नल ७० च्या पुढे असतो. राउटरमधे दोन्ही बँडना वेगळी नावं दिली, पीसी फक्त ५ वर ठेवला, तिथे हा गोंगाट पोचत नाही. बॅकअप आणि रिमोट आता एकत्र चालतात.

माझा राग इथे आहे. ज्या कंपनीला रेडिओचं सगळं कळतं तिने बॉक्समधे छोटी ड्रायव्हर सीडी दिली, जी घालायला आता कोणाच्या पीसीत ड्राइव्ह नसतो, आणि मीटरभर केबल दिली नाही. त्या सीडीच्या पैशात थोडी भर घालून केबल झाली असती. बरं नाही दिली तर नाही, पण मॅन्युअलमधे एक ओळ? "यूएसबी ३ हार्ड डिस्कपासून लांब लावा" एवढंच. एकाही पानावर नाही. किती जणांनी हा अडॅप्टर खराब म्हणून परत केला असेल, किती जणांनी विनाकारण नवा राउटर घेतला असेल.

केबल घेताना एक लक्षात ठेवा, यूएसबी २ वाली साधी केबल चालते, उलट जास्त बरी. तिच्यातून अडॅप्टर यूएसबी २ वरच चालतो म्हणजे त्याचा स्वतःचा गोंगाटही जातो, आणि ४८० मेगाबिटची मर्यादा १०० च्या प्लॅनला आड येत नाही. ३०० च्या वरचा प्लॅन असेल तरच चांगली शिल्डेड यूएसबी ३ केबल घ्या, लांबी कमी ठेवा.

बाकी, अडॅप्टर उन्हाळ्यात बराच तापतो पण बंद पडलेला नाही. एकदा विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदलला तेव्हा स्पीड निम्मा झाला, रोल बॅक करून जुना ड्रायव्हर परत आणल्यावर ठीक. ज्यांना भिंतीत भोक पाडता येतं त्यांनी हे काहीच घेऊ नका, कॅट ६ वायर ओढा.

सध्या चार स्टार. एक कापलाय तो केबलचाच. कंपनीला मेल केलाय की निदान मॅन्युअलमधे ती ओळ घाला, उत्तर आलं तर इथे जोडेन.