गॅरेजच्या माळ्यावर चढायचं कसं: घोडा, शिडी, जिना की कप्पी?

नाशिकमध्ये काही बंगल्यांच्या गॅरेजला तेरा-चौदा फूट उंची मिळते. निफाड-दिंडोरीकडे तर ट्रॅक्टर आणि ब्लोअर (द्राक्षबागेत फवारणी करायचं यंत्र) आत जावा म्हणून शेड त्याहून उंच बांधतात. एवढी उंची मोकळी कशाला सोडायची, म्हणून ९ फुटांवर माळा टाकला जातो. जूनमध्ये कूलर वर जातो, गणपती झाले की मखर जातं, सिंहस्थाच्या पाहुण्यांसाठी घेतलेल्या गाद्या जातात, द्राक्षांचे क्रेट आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी जातात. माळ्याचा विचार नीट केलेला असतो, पण वर जायच्या वाटेचा विचार मात्र राहून जातो.

बहुतेक जण आधी उंची मोजून दुकानात जातात. त्याआधी ठरवायचं ते वेगळंच आहे: चढताना तुमचे दोन्ही हात मोकळे असणार की एका हातात सामान असणार? शिडीवर दोन हात आणि दोन पाय यांतले कुठलेही तीन आधार कायम टेकलेले हवेत. कूलर उचलून चढणाऱ्याचा एकही हात मोकळा नसतो. म्हणून माणसाची वाट आणि सामानाची वाट वेगळी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी तुलना त्याच नजरेतून केली आहे.

घोडा, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडणारी अॅल्युमिनियमची शिडी, बहुतेक घरांत असतोच. हलका असतो, भिंतीचा आधार लागत नाही, बल्ब बदलायलाही चालतो. (बल्बच्या कामाआधी मेन स्विच बंद करा, अॅल्युमिनियममधून वीज वाहते. वायरिंगजवळ नेहमी काम असेल तर फायबरची शिडी घ्यावी.) वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नसतं, त्यामुळे ७ फुटी घोड्यावर पाय जास्तीत जास्त ५ फुटांवर येतात. ९ फुटांचा माळा तेव्हा छातीसमोर येतो आणि कडेपासून हातभर आतलं सामान काढता येतं. एवढंच काम असेल तर घोडा उत्तम. पण घोड्यावरून माळ्यावर पाय टाकू नये. पाय पुढे टाकताना दुसऱ्या पायाने घोड्याला मागे रेटा बसतो आणि तो कलंडतो. माळा ४ फूट खोल असेल आणि मागच्या कोपऱ्यातलं हवं असेल, तर घोड्याचा विचार सोडून द्या.

वर चढून जायचंच असेल तर टेकवायची सरळ शिडी. ४ फूट उंचीला पाया १ फूट पुढे, हा तिचा हिशेब. म्हणजे ९ फुटांच्या माळ्याला पाया सव्वादोन फूट पुढे येतो. शिडी माळ्याच्या कडेपेक्षा साधारण ३ फूट वर निघालेली हवी, कारण चढउतार करताना धरायला तेच मिळतं. एकूण लांबी १२ फुटांच्या आसपास जाते. अनेक जण इथे पैसे वाचवायला १० फुटी शिडी घेतात आणि कडेशी धरायला काहीच उरत नाही.

या शिडीचं खरं दुखणं म्हणजे ती सरकते. पावसाळ्यात गाडीच्या टायरबरोबर पाणी आत येतं, कोबा निसरडा होतो आणि जुन्या शिडीच्या पायांचं रबर कडक झालेलं असतं. उपाय सोपा आहे. माळ्याच्या कडेला आडवा पाइप पक्का बसवायचा आणि शिडीला त्यात अडकणारे हूक करून घ्यायचे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी काम करणारा, हे करून देतो. काम झालं की शिडी काढून भिंतीला आडवी टांगता येते, जागा अडत नाही. शिवाय कडेला, शिडीपुरती वाट सोडून, कठडा करून घ्या.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून मिटणारी शिडी छोट्या फ्लॅटला ठीक. गॅरेजच्या धुळीत तिचे खटके अडकतात आणि मिटवताना बोटं चिमटतात. छतातून खाली उलगडणारी घडीची शिडी दिसायला छान, पण तिला माळ्यात मोठं भोक लागतं. आरसीसी माळा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय कापू नका.

कायमचा लोखंडी जिना महाग, पण आठवड्यातून दोनदा वर जाणाऱ्याला त्याला तोड नाही. इथे जागेचं गणित बघा. ६० अंशांच्या उताराला ९ फूट चढायला जमिनीवर सव्वापाच फूट लागतात, ७० अंशांना सव्वातीन. गॅरेज १८ फूट लांब आणि गाडी ४ मीटरची, म्हणजे १३ फुटांची असेल, तर पुढे ५ फूट उरतात. बॉनेटपुढे ७० अंशांचा जिना बसतो, ६० चा नाही. इतक्या उभ्या जिन्यावरून उतरताना तोंड पायऱ्यांकडेच हवं. पायऱ्यांना चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा, न घसरणारा पत्रा) आणि दोन्ही बाजूंना धरायला पाइपचा कठडा हवा. जिना पक्का करणारे अँकर बोल्ट काँक्रीटच्या बीममध्ये मारा. विटांच्या भिंतीत मारलेला अँकर ढिला होतो. रंगाआधी गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात चुकवू नका. फॅब्रिकेटर बहुधा किलोवर दर सांगतात, म्हणून दराबरोबर अंदाजे वजनही लिहून घ्या.

यातलं काहीही निवडलं तरी जड सामानासाठी कप्पी लागतेच. एकच कप्पी वर टांगली तर २५ किलोला २५ किलोचाच जोर लागतो, फक्त ओढायची दिशा सोयीची होते. खाली दुसरी, सामानाबरोबर हलणारी कप्पी जोडली की जोर जवळपास निम्मा होतो, मात्र ९ फूट उचलायला १८ फूट दोर ओढावा लागतो. हूक बीममध्ये हवा, पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला (पर्लिनला) नाही. क्रेट रोज चढउतार करणाऱ्या बागायतदारांनी छोटा विजेचा होइस्ट, म्हणजे मोटरवर ओझं उचलणारं यंत्र, घ्यावा. त्यावरचा मोठा आकडा बहुधा दोर दुहेरी घेतल्यावरचा असतो, हे विचारून घ्या. त्यावर माणूस कधीही चढवायचा नाही आणि सामान लटकत असताना खाली कोणी उभं राहायचं नाही.

वर्षातून चार वेळा हलकी खोकी काढणाऱ्यांना घोडा पुरे. माळा खोल असेल तर हूकवाली शिडी आणि दोन कप्प्या. बहुतेक घरांना मी हेच सुचवेन. नेहमीचा वापर असेल तर जिना. घरात फक्त आई-बाबाच असतील, तर त्यांना लागणाऱ्या वस्तू ५ फुटांच्या खालच्या रॅकवर आणा आणि शिडीला साखळी-कुलूप लावा, म्हणजे तुम्ही घरी येईपर्यंत बाबा एकटे कूलर काढायला चढणार नाहीत.