लहान बोटाचा ऑक्सिमीटर: आठ महिने वापरल्यानंतर

माझी लेक सहा वर्षांची आहे. रक्ताचा कर्करोग, एएलएल. सध्या मेंटेनन्सची, म्हणजे आजार परतू नये म्हणून दीर्घकाळ द्यायची केमो चालू आहे. घरात आधी चिमट्याचा ऑक्सिमीटर होता, कोविडच्या वेळी घेतलेला. तिच्या बोटाला तो ढिला व्हायचा. आधी ९७, लगेच ९०, मग नुसत्या रेघा. शेवटी त्याच्या आकड्यावरचा विश्वासच उडाला.

दिवाळीला बार्शीला गेलो तेव्हा सेप्ट्रानची, म्हणजे फुप्फुसाचा संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या औषधाची बाटली परळच्या खोलीवर राहिली. तिकडे सासऱ्यांचं आजारपण निघालं, मुक्काम महिन्यावर गेला. केमोची एकही गोळी मी चुकवली नाही, पण हे तर आठवड्यातून तीनच दिवस घ्यायचं साधं औषध, परत गेल्यावर सुरू करू, असं मला वाटलं. स्टिरॉइड नुकतंच उतरवलं होतं. मग कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नावाला. फक्त खेळता खेळता खाली बसायची. चिमटा ८९ दाखवत होता. मी म्हटलं, हे मशीनच तसलं.

ओपीडीत सिस्टरांनी लहान मुलांचा प्रोब (बोटाला लावायचा सेन्सर) लावला: बसून ९५. पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारायला लावल्या: ८८. एक्सरे जवळजवळ स्वच्छ होता. सीटीत मात्र दोन्ही फुप्फुसं काचेवर वाफ धरावी तशी धुरकट. न्यूमोसिस्टिस, म्हणजे धडधाकट माणसाला काही न करणाऱ्या बुरशीचा न्यूमोनिया. उपचार म्हणून तेच सेप्ट्रान, मोठ्या डोसमध्ये, शिरेतून सुरू करून एकूण २१ दिवस. डॉक्टरांनी सांगितलं, १९७७ साली अमेरिकेत तपासलं होतं: हे औषध घेणाऱ्या ८० जणांपैकी एकालाही हा न्यूमोनिया झाला नाही, न घेणाऱ्या ८० पैकी १७ जणांना झाला. तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

डिस्चार्जच्या दिवशीच सर्जिकलच्या दुकानातून हा हातात धरायचा ऑक्सिमीटर घेतला, वायरला मऊ रबरी लहान प्रोब असलेला. ३,२०० रुपये. करंगळी सोडून कुठल्याही बोटाला नीट बसतो. स्क्रीनवर नाडीची लाट दिसते, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. लाट एकसारखी झाल्याशिवाय मी आकडा वहीत लिहीत नाही. हात गार असतील तर आधी चोळून घेते. मामाच्या लग्नात नेलपॉलिश लावलं होतं, ते पुसूनच मोजलं. रोज सकाळी एकदा बसून, एकदा घरात चालवून. ९४ च्या खाली गेला की थेट फोन करायचा, असं आम्हाला सांगितलंय.

दोन गोष्टी घेण्याआधी माहीत हव्यात. हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं तेव्हाही यावर ९९ होतं. आहे त्या रक्तात ऑक्सिजन किती भरलाय तेवढंच हे सांगतं, रक्त किती आहे ते नाही. आणि पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना १००.४ ताप आला, तर आकडा ९८ असला तरी आम्ही रात्रीसुद्धा निघतो. थर्मामीटरची जागा हे मशीन घेत नाही.

तक्रारी म्हणाल तर वायर आखूड आहे, आणि बीप बंदच होत नाही, झोपलेली लेक दचकते. पाचपैकी चार तारे.

प्रोबचं रबर आता सैल पडलंय. नवा मागवला, ७५० रुपये. मेंटेनन्सचे अजून चौदा महिने बाकी आहेत.