मंडईजवळचे काष्ठौषधींचे जुने दुकान

पुण्यात मंडईकडून रविवार पेठेत शिरताना काष्ठौषधींची, म्हणजे वाळवलेल्या औषधी मुळ्या, साली आणि फळांची, जी दुकाने लागतात, त्यांपैकी एका जुन्या दुकानाविषयी हे लिहीत आहे. हिरडा-बेहड्याशेजारी दृष्टीच्या बाहुल्या ठेवणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला काय सांगावे आणि काय सांगू नये, याचे इतके भान मी अन्यत्र पाहिलेले नाही.

या दुकानाची खरी ताकद मालाच्या ओळखीत आहे. हिरडा मागितला की बाळहिरडा हवा की सुरवारी, असा प्रश्न आधी येतो. बाळहिरडा म्हणजे कोवळेपणीच उतरवलेले आणि वाळून काळे पडलेले फळ. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबांची मोठी कमाई त्याच्यावर चालते. सुरवारी हिरडा पूर्ण पिकलेला, मोठा आणि पिवळट असतो. अतिविष ही औषधी मुळी हिमालयातून येते, महाग असते आणि त्यात नागरमोथा मिसळला जातो, म्हणून मालक कांडी मोडून हातात देतात: आतून पांढरी, वास नसलेली आणि जिभेला लागताच कडू असेल तर ते अतिविष, सुगंध आला तर नागरमोथा. अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेला लावतात त्या उंच, सरळसोट शोभेच्या झाडाची साल बाजारात सर्रास खपते. येथे मात्र सीताअशोकाची, म्हणजे खऱ्या अशोकाची, साल नसेल तर नाही म्हणून सांगतात.

एकदा माझ्यासमोर एका आजींनी नुकत्याच जन्मलेल्या नातवासाठी बाळगुटीचा संच मागितला. मालक म्हणाले, “आजी, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका असं डॉक्टर सांगतात. आधी त्यांना विचारून या, मग मी मुरुडशेंगेपासून सगळं निवडून देतो.” आजी थोड्या नाराज झाल्या, परंतु हातची विक्री सोडून दिलेला हा सल्ला मला अतिशय मोलाचा वाटला.

दुसऱ्या बाजूच्या फळीवर काळ्या बाहुल्या, काळे दोरे, कवड्या, घोड्याची नाल, बिब्बे आणि गुंजा मांडलेल्या असतात. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. तरीही मीठ-मोहरी ओवाळणाऱ्या हातामागची माया मला कळते, आणि तेवढ्यापुरती ही फळी मला खटकत नाही. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात, हे न विचारता सांगितले जाते. गुंजेची बी चावली गेली तर जिवावर बेतू शकते, म्हणून घरात लहान मूल आहे असे कळल्यावर मालक गुंजा देत नाहीत. गुण येण्याची हमी देणारी एकही पाटी दुकानात नाही. जादूने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे आणि महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तरीही अशा पाट्या शहरात पुष्कळ दिसतात, म्हणून ही नोंद मुद्दाम करीत आहे.

हत्ताजोडी आणि इंद्रजाल या तोडग्याच्या वस्तू मागणारे लोक येथेही येतात व रिकाम्या हाताने परततात. हत्ताजोडी ही दुर्मीळ वनस्पतीची मुळी असल्याचे सांगितले जाते, पण त्या नावाखाली विकले जाते ते बहुतेकदा घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते. इंद्रजाल म्हणून काळे प्रवाळ विकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोन्ही जिवांना संरक्षण दिलेले आहे. संपत्ती येईल या आशेने कोणी घोरपड मारावी, याचा मला मनापासून संताप येतो, आणि येथे त्या वस्तूला जागा नाही एवढ्यासाठीही मी याच दुकानाची पायरी चढतो.

तक्रार आहे ती चूर्णांविषयी. अख्ख्या मालाबाबत इतकी काटेकोर असलेली ही मंडळी शिकेकाई, ज्येष्ठमध किंवा माक्याच्या चूर्णाच्या पुड्यांवर दळल्याची तारीख घालत नाहीत, आणि एकदा दळलेल्या वस्तूत काय मिसळले आहे हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. त्यामुळे जिन्नस अख्खा घ्यावा आणि घरी कुटावा. दिवाळीच्या आधी उटण्यासाठी वाळा, गवला कचोरा आणि आंबेहळद घेणाऱ्यांची एवढी गर्दी होते की मालकांना कोणाशी बोलायला सवड मिळत नाही. माहिती विचारून घ्यायची असेल तर नवरात्राच्या आधीच, सकाळी दुकान उघडताना जावे.