रस्त्यांसाठी कर्ज: रोखे की बँक?
ग्रेटर हैदराबाद महानगरपालिकेने रस्ते व उड्डाणपुलांसाठी फेब्रुवारी २०१८ मध्ये ८.९० टक्के व्याजाचे २०० कोटी रुपयांचे रोखे (गुंतवणूकदारांकडून एकरकमी, ठरावीक व्याजाने कर्ज घेण्याची कर्जपत्रे) विकले आणि स्टेट बँकेकडून मुदतकर्जही घेतले. रोख्यांसाठी पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी, घ्यावे लागते व भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार लेखापरीक्षित हिशेब जाहीर करावे लागतात. हा खटाटोप मोठा असला, तरी पालिकेचा कारभार त्यामुळे नागरिकांना तपासता येतो आणि माझ्या मते हाच रोख्यांचा सर्वांत मोठा लाभ आहे. बँकेचे कर्ज कामाच्या प्रगतीनुसार उचलता येत असल्याने भूसंपादन रखडले, तरी न उचललेल्या रकमेवर व्याज चढत नाही. मात्र त्याचा दर बहुधा बदलता असतो. लहान नगरपालिकेला रोखेविक्रीचा खर्च थोड्या रकमेसाठी परवडत नाही. तिने बँकेकडेच जावे.