हौद नव्हता, तरी चुना होता

"एसीची गरजच पडणार नाही सर, लेखी देतो," असं आमचं घर बांधून देणारा माणूस पहिल्याच भेटीत म्हणाला. लेखी काही आलं नाही. मी तेव्हाच उठायला हवं होतं, पण मी चहा मागवला.

आम्ही औसा तालुक्यातले. माझं लहानपण माळवदात गेलं. मे महिन्यात बाहेर ४१-४२ अंश असताना आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम वाळायचा. हात-दीड हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी आजोबा दरसाल त्यावर नवी माती टाकायचे. गारवा त्या मातीचाच होता. आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात माणसं दडपली तीही त्याच मातीखाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, लोक गणपती बुडवून दमून झोपलेले. किल्लारीचं नाव काढलं की आई अजून उठून दुसऱ्या खोलीत जाते. तेव्हापासून तिचा एकच हेका, मातीच्या छताखाली झोपणार नाही.

थोडक्यात, मला गारवा हवा होता आणि आईला भरवसा. हा माणूस दोन्ही एकाच दुकानात विकत होता.

कार्डावर 'निसर्गपूरक घरांचे डिझायनर' असं छापलेलं. तेव्हा हा शब्द मला ऐटीचा वाटला. नंतर कळलं की 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायचं तर १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते आणि नोंदणी आहे की नाही हे कुणालाही तपासता येतं. डिझायनर कुणीही होऊ शकतं. तुम्हीही होऊ शकता.

लातूरच्या प्लॉटवर चौदाशे चौरस फुटांचं बांधकाम ठरलं. दर नेहमीच्या ठेकेदारापेक्षा फुटामागे साडेपाचशे रुपयांनी जास्त. त्या जादा पैशात मातीच्या दाबविटा, चुन्याचा गिलावा, फिलर स्लॅब आणि भूकंपाला टिकणाऱ्या बंधपट्ट्या येणार होत्या. माझी नोकरी नांदेडला. मी रविवारी यायचो आणि महत्त्वाची कामं बुधवार-गुरुवारी व्हायची. हा योगायोग नव्हता हे कळायला मला वर्ष लागलं.

विटांचं आधी सांगतो. "तुमच्याच प्लॉटच्या मातीच्या विटा पाडू," असं त्यानं आईला सांगितलं आणि आई विरघळली. आमचा प्लॉट काळ्या मातीचा. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, विटेसाठी ती तशीच चालत नाही. मुरमाड माती हवी, त्यात थोडं सिमेंट, मग दाबयंत्र आणि नंतर तीन-चार आठवडे पाणी मारणं. आमच्याकडे दाबयंत्र कधी आलंच नाही. पुढे नळाच्या पाइपासाठी भिंत फोडली तेव्हा गेरूच्या रंगाच्या थरामागे भट्टीची साधी वीट निघाली.

फिलर स्लॅबची गोष्ट जास्त झोंबली, कारण ती मला समजली होती आणि तरीही मी फसलो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट फारसं काही करत नाही. म्हणून सळ्यांच्या चौकटींत मंगलोरी कौलं मांडायची, एकावर एक दोन, मध्ये हवा कोंडलेली. काँक्रीट वाचतं आणि वरचं ऊन सावकाश खाली उतरतं. कौलं आधी आणि ओतकाम नंतर, हा क्रम यात फार महत्त्वाचा. ओतकामाच्या बुधवारी त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला: सळ्यांच्या जाळीत लाल कौलांच्या रांगा. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात एके रात्री एक कौल निखळून आईच्या रिकाम्या पलंगावर पडलं. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. वर पाहिलं तर कौलाच्या जागी सपाट स्लॅब, त्यावर चिकटवायच्या पावडरीचे फराटे. सगळी कौलं अशीच खालून डकवलेली, आत ना पोकळी ना हवा. मग तो जुना फोटो मोठा करून पाहिला. मागे नारळाची झाडं होती. आमच्या कॉलनीत साधं लिंबाचं झाड शोधायला लागतं.

चुन्याचं बिंग औशाच्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी फोडलं. त्यांच्या वडिलांनी चुना दळायच्या घाणीवर बैल हाकलेले. ते दुरुस्तीला आले, भिंतीवर नख घासलं, काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, "सर, हौद कुटं केल्ता?"

"कसला हौद?"

"कळीचा चुना हौदात विरवावा लागतो. पानी असं उकळतं की जवळ हुभं ऱ्हाववत न्हाई. मग कितीक दिस भिजत ठिवायचा, वाळू घालून मळायचा, गुळाचं पानी, बेलफळ. हौद न्हाई तर चुना कुटनं आला?"

तो आला होता गोण्यांतून. पांढरं सिमेंट, पिवळा रंग, वरून पुट्टी. काकांनी सांगितलेली खूण अशी: चुन्याचा ओला गिलावा दुसऱ्या दिवशीही खिळ्यानं सहज ओरखडतो, त्याला कडक व्हायला वेळ लागतो. आमचा एका रात्रीत दगड झाला होता आणि डिझायनर तो ठोकून दाखवत म्हणाला होता, "बघा सर, किती पक्का!" मी खूश झालो होतो.

चौकाचं पाप मात्र माझं. माकडांच्या भीतीनं चौकावर प्लास्टिकचं पारदर्शक छप्पर मीच मागितलं. वाड्याचा चौक उघडा असतो तो तापलेली हवा वर निघून जावी म्हणून. त्यानं मला अडवलं नाही, उलट त्याचं वेगळं बिल लावलं.

सगळ्यात मोठा धक्का शेवटी बसला. कौल पडल्यावर एका अभियंत्याला बोलावून दरवाजावरची बंधपट्टी तपासली. भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून ही पट्टी घरभर सलग फिरवायची असते, कोपऱ्यात सळई वळवून. आमच्याकडे ती फक्त दारं-खिडक्यांवर, तुकड्यातुकड्यांत. आईसाठी त्यानं 'भूकंपरोधक प्रमाणपत्र' लॅमिनेट करून दिलं होतं. त्यावर सही होती, पण सही करणाऱ्याचं नाव किंवा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. ते देवघरात लावलेलं होतं.

करारनामा घेऊन वकिलाकडे गेलो. त्यात 'पारंपरिक पद्धतीचा गिलावा' असं लिहिलेलं. चुना हा शब्द कुठेच नाही. 'सजावटीसह स्लॅब' हे वाचून वकीलसाहेब हसले, मग मला पाहून थांबले. तरी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आमची थोडक्यात वाचली. त्या डिझायनरचे संदेश मी उडवले नव्हते, तेवढाच आधार. त्यात 'चुना' सतरा वेळा आहे.

पट्ट्या आता बाहेरून जाळी मारून जोडून घेतल्या. कौलं सगळी उतरवली. चौकावरचं छप्परही काढलं, तेव्हापासून रात्री जरा बरं वाटतं.

गेल्या महिन्यात सोलापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. त्या माणसानं त्यांना नमुना म्हणून आमच्या घराचे फोटो दाखवले होते. "एसी लागत नाही म्हणे तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "या की. दुपारी दोनला या."

आले. आईनं त्यांना कूलरसमोर बसवलं आणि माठातलं पाणी दिलं.