थंडीत अंगणातल्या सशांसाठी काय करावं: ताडपत्री, लाकडी पेटी की घरातला कोपरा?

डिसेंबर लागला की आमच्या निफाडकडे द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी येते आणि अंगणात ससे पाळणाऱ्यांचं ठरलेलं विचारणं सुरू होतं: पिंजऱ्याला ताडपत्री बांधू, सुताराकडून पेटी करून घेऊ, की ससे सरळ घरात आणू? माझं मत आधीच सांगते. पैसे एकदाच घालायचे असतील तर ते लाकडी पेटीत घाला.

धडधाकट, वयात आलेला ससा कोरडा गारठा चांगला सोसतो. त्याला ३० अंशांवरचा उन्हाळा जास्त जड जातो. त्याची लव दाट असते, तिच्यात हवा धरली जाते आणि त्याच हवेनं तो उबदार राहतो. लव भिजली की ऊब गेली, वर वारा लागला तर आणखीच. म्हणून तिन्ही सोयी मी एकाच कसोटीवर बघते: पहाटे पाचला सशाखालची जागा कोरडी आहे का?

ताडपत्री स्वस्त, तासाभरात बांधून होते. वारा आणि अवकाळी पाऊस ती नक्की अडवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये इकडे गारपीट झाली तेव्हा तिचाच आधार होता. पण माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी पिंजरा चारी बाजूंनी घट्ट बांधला आणि सकाळी आत हात घातला तर ताडपत्रीला आतून थेंब लगडलेले. सशाच्या श्वासाची आणि मुताची वाफ बाहेर जायला वाटच नव्हती. मुताचा डोळ्यांना झोंबणारा वास आत कोंडला होता. तो वास म्हणजे अमोनिया. त्यानं सशाचं नाक आणि फुप्फुसं खराब होतात, शिंका सुरू होतात. शिवाय आपल्याकडे पहाटे ६ अंश असतात आणि दुपारी २८. ऊन चढल्यावर बांधलेली ताडपत्री म्हणजे भट्टीच. वापरायचीच तर मागे आणि दोन्ही बाजूंना बांधा, पुढून वरची वीतभर जागा मोकळी सोडा आणि ऊन आलं की गुंडाळून ठेवा. दुसरी अडचण तळाची. तारेच्या जाळीतून खालून गार वारा लागतो आणि पायांना जखमाही होतात, तेव्हा निम्म्या तळावर फळी हवीच.

लाकडी पेटी या दोन्ही अडचणी सोडवते. पिंजऱ्याच्या एका टोकाला साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटी दोन मध्यम सशांना पुरते. मोठी करण्याचा मोह टाळा. लहान जागा त्यांच्याच अंगाच्या उबेनं भरते. दार एका कडेला ठेवा, म्हणजे आतला कोपरा वाऱ्याआड राहतो. वरच्या बाजूला छपराखाली दोन-तीन भोकं पाडा. छपराला मागे उतार द्या आणि ते पुढे सहा इंच आणा, पागोळ्या आत पडणार नाहीत. सगळं दीड-दोन फूट उंच पायांवर उभं करा. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो, म्हणून पाठ उत्तरेला, तोंड आग्नेयेला; कोवळं ऊन आपोआप मिळतं.

पण पेटीत अंथरता काय, यावर निम्मं काम अवलंबून आहे. भाताचा पेंढा मला सगळ्यात बरा वाटतो. ससा त्यात शिरून घर करतो, पोकळ काड्यांत हवा राहते, ओल खाली झिरपते. इगतपुरी, त्र्यंबककडे तो सहज मिळतो. आमच्याकडे गव्हाचं काड मळणीयंत्रातून भुसा होऊनच बाहेर पडतं. त्याची धूळ सशाच्या नाकात जाते आणि त्यात त्याला शिरताही येत नाही. सुताराकडचे रंध्याचे छिलके तळाला ओल शोषायला चालतात, पण उग्र वासाच्या लाकडाचे नकोत. गोणपाट, जुनं स्वेटर, गोधडी मायेनं टाकतात लोक. ते मूत धरून ठेवतं, वर ससा धागे खातो आणि ते आतड्यात अडकतात. पेंढा वीतभर जाड घाला, ओला कोपरा रोज काढा, आठवड्यानं सगळा बदला.

घरातला कोपरा पिल्लांसाठी, म्हाताऱ्या किंवा आजारी सशासाठी योग्य. मात्र रात्री उबदार खोलीत आणि पहाटे गारठ्यात अशी ने-आण करू नका. आत आणला तर थंडी सरेपर्यंत आतच. पेटीत बल्ब लावण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. ससा वायर कुरतडतो आणि पेंढ्याला आग लागायला एक ठिणगी पुरते. फारच कडाका असेल तर गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून ठेवा, पण ससा ते कापड कुरतडत नाही ना, हे बघा.

खाणं तिन्हीकडे सारखंच: वाळलेलं गवत भरपूर द्या, कारण ते पचतानाही अंगात ऊब तयार होते. दवानं भिजलेला हिरवा चारा सुकवून घाला. थंडीत नुसते कान गार लागले तर घाबरू नका. ससा सुस्त पडला, खाणं सोडलं किंवा लेंड्या थांबल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पेटी व्हायला आठवडा लागणार असेल, तर तोवर तीन बाजूंनी ताडपत्री आणि आत पुठ्ठ्याच्या खोक्यात पेंढा, एवढ्यावर निभावतं. पुठ्ठा ओला झाला की लगेच बदला.